केकखाली चौदा नावे

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पॅड आहे. तुम्ही परीक्षेला नेता तसाच, फक्त जास्त जाड आणि बराच काळपट. माझ्या डोक्यावर लोखंडी चाप आहे आणि तो अजून घट्ट आहे. जानेवारीतल्या एका बुधवारी त्या चापात एक कागद अडकवला गेला. पुढे दोन महिन्यांहून अधिक काळ तो तिथेच राहिला, कारण तो काढायला घरात कुणाचाच हात धजावत नव्हता. म्हणून त्या बुधवारपासूनच सांगायला लागतो.

दुबईतल्या अल मनखूलमध्ये एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आमचे घर आहे. सकाळचे सव्वासहा झाले होते. बाल्कनीत बाबा खुर्चीवर बसले होते आणि मी त्यांच्या मांडीवर होतो. बाबा म्हणजे उपेंद्र वाघचौरे, निवृत्त पोलीस निरीक्षक, वय पंचाहत्तर. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणतो. दाराशी त्यांची मुलगी सुजाताताई कामाचे जड बूट घालत होती. ती हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइपच्या कारखान्यात तपासनीस आहे. तिची सही झाल्याशिवाय तिथला एकही पाइप फाटकाबाहेर जात नाही.

"सुजाता, दोन मिनिटं आहेत का?" बाबांनी विचारले.

"आज क्लायंटचं इन्स्पेक्शन आहे, बाबा. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकले तर खलास."

"दोनच मिनिटं. हे पहिलं पान झालंय. वाच आणि खाली सही कर. पंच क्रमांक दोन."

"मला काही आठवत नाही."

"एवढंसंही नाही?"

"नाही."

"केक कुठल्या रंगाचा होता?"

बुटाच्या नाडीवरचा तिचा हात थांबला. मी ते पाहिले. बाबांनी पाहिले की नाही, कुणास ठाऊक. मग तिने गाठ मारली आणि उभी राहिली.

"मी जे पाहिलं नाही त्याच्यावर सही करत नाही. तुम्हीच शिकवलंत."

बाबा हसले. "पक्की साक्षीदार आहेस. बरं, उद्या विचारतो."

"उद्याही नाही आठवणार."

"मग परवा विचारतो. येताना खुबूस आण. खालच्या बकालातून नको, त्या वाण्याकडे कालचं असतं."

दार लागले. बाबांनी पानाच्या तळाशी 'पंच क्रमांक एक' असे लिहून आपली सही केली. शेजारी दुसऱ्या सहीसाठी एक रेघ ओढून ठेवली. संध्याकाळी ताजे खुबूस, म्हणजे इथल्या अरबी रोट्या, आल्या. बाबांनी दीड खाल्ली, नात केया हिच्याशी क्रिकेटवरून वाद घातला आणि दहा वाजता झोपायला गेले.

गुरुवारी सकाळी ते उठले नाहीत.

मित्रांनो, आता थोडे मागे जायला हवे. माझा जन्म तुरुंगातला आहे. लाजायचे काही कारण नाही. तुरुंगाच्या सुतारशाळेत सरकारी कचेऱ्यांची टेबले तयार होत आणि उरलेल्या प्लायवूडमधून माझ्यासारखे पॅड. मला ज्या कैद्याने घासले, त्याचा हात फार हळुवार होता. कडा गोल करताना तो स्वतःशीच म्हणाला होता, "ज्याच्या हातात जाशील त्याला टोचू नकोस." तिथून मी आमच्या शहराच्या कोतवालीत आलो, आणि तिथे एका तरुण फौजदाराने मला काखेत मारले. तेच बाबा.

माझ्यावर पंचनामे लिहिले जात. पंचनामा म्हणजे घडल्या जागी जाऊन, जे दिसेल तेच, दोन माणसांसमक्ष लिहायचे. त्या दोघांना पंच म्हणतात. दोघांच्या सह्या झाल्या की तो कागद उभा राहतो. एकाची असेल तर तो कागद नुसताच कागद. बाबा तीन कार्बन लावून लिहीत आणि शेवटची प्रतही वाचता यावी म्हणून पेन असे काही दाबत की प्रत्येक अक्षर माझ्या पाठीपर्यंत पोचे. एकदा कोर्टात न्यायाधीशांनी शेवटची प्रत उजेडात धरून विचारले होते, "ही शेवटची आहे? मग पहिली काय दगडावर कोरली होती?" सगळे हसले. मला मात्र तो माझा सत्कार वाटला.

१९८५ साली बाबांच्या बरोबरीचे एक फौजदार बंदोबस्तावर असताना वारले. त्यांच्या पत्नीला पोलीस लाइनमधली खोली तीन आठवड्यांत सोडायला सांगितले गेले. मुलाची सहामाही तोंडावर होती. त्या बाईंच्या वतीने बोलायचे कुणी? एकट्याने बोलले तर बदली होई. चौघांनी एकत्र जमले तर विचारणा होई की हे कशासाठी जमलेत. तेव्हा बाबांच्या मनात अधिकाऱ्यांचा संघ काढायचे आले. पण संघ काढायचा तर आधी एकदा सगळ्यांनी एका छताखाली बसायला हवे, आणि तेच तर जमत नव्हते.

तोड काढली ती नर्मदाताईंनी, म्हणजे सुजाताताईच्या आईने. "वाढदिवस करू या," त्या म्हणाल्या. "पोरीच्या वाढदिवसाला काका लोक येणारच. कोण काय विचारणार?"

पोरीचा वाढदिवस दोन महिने लांब होता. तिला समजावून सांगण्यात आले की या वर्षी तो लवकर आला आहे.

११ ऑगस्ट, रविवार, संध्याकाळी पाच. पोलीस लाइनमधल्या बाबांच्या बावीस नंबरच्या दोन खोल्यांमध्ये चौदा अधिकारी साध्या कपड्यांत, बायकामुलांना न आणता, गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. सगळे कोतवालीसमोरच्या एकाच दुकानातून भेट घेऊन आले होते, त्यामुळे अकरा जणांनी कंपास आणला होता. मुलगी दुसरीत. कंपास लागतो पाचवीपासून. ती प्रत्येक वेळी कागद सोडून "थँक्यू काका" म्हणत होती आणि तिचा चेहरा लहान लहान होत चालला होता.

मी टेबलावर होतो. माझ्यावर एक कोरा कागद आणि त्यावर एकापाठोपाठ एक चौदा सह्या झाल्या. शेवटची सही होते न होते तोच बाहेर जीप थांबली. एक जमादार सहज डोकावायला आत येत होता. बाबा गोठले. नर्मदाताई नाही गोठल्या. त्यांनी खोक्यातला केक उचलला आणि सरळ त्या कागदावर ठेवला. मग मुलीच्या हातात सुरी दिली. "काप गं, दाबून काप."

तिने दाबून कापले. दोन्ही हातांनी. सुरी केकमधून, कागदामधून, चौदा नावांमधून माझ्यात उतरली. ती चीर आजही माझ्या छातीवर आहे. जमादाराने टाळ्या वाजवल्या, मोठा तुकडा खाल्ला आणि गेला. क्रीमने माखलेला कागद नर्मदाताईंनी त्याच रात्री बंबात घातला. अशा रीतीने आमच्या शहर पोलीस अधिकारी संघाची स्थापना झाली आणि तिचा एकमेव पुरावा अंघोळीचे पाणी तापवण्यात खर्च झाला.

तीन दिवसांनी एक मोठे साहेब लाइनमध्ये आले. मुलगी अंगणात ठिकरी खेळत होती. साहेबांनी तिला गोळी दिली आणि गोड आवाजात विचारले, "वाढदिवसाला काका लोक काय बोलत होते गं?"

बाबांनी तिला आदल्याच दिवशी बजावले होते. ती साहेबांकडे मान वर करून म्हणाली, "मला काही आठवत नाही."

"काहीच नाही?"

"केक होता. गुलाबी."

साहेब निघून गेले. संध्याकाळी बाबांना हे कळले, तेव्हा मी त्यांच्या काखेत होतो. त्यांनी मला खाली ठेवले, टोपी सरळ केली, टाचा जुळवल्या आणि साडेसहा वर्षांच्या त्या मुलीला कडक सॅल्यूट ठोकला. तिने तो हसून घेतला. पण ऑक्टोबरमध्ये तिचा खरा वाढदिवस आला तेव्हा बाबा बंदोबस्तावर होते. संध्याकाळभर ती फ्रॉक घालून दाराशी उभी होती. "या वर्षीचा झाला ना तुझा," आई म्हणाली, पण म्हणताना तिने तोंड दुसरीकडे केले होते. मुलीने फ्रॉक काढून ठेवला. पुढे कुणी त्या केकच्या दिवसाचा विषय काढला की ती तेच एक वाक्य म्हणे. सुरुवातीला ते बाबांनी शिकवलेले वाक्य होते. नंतर ते तिचे झाले.

त्या बाईंना मुलाची वार्षिक परीक्षा होईपर्यंत खोली ठेवता आली आणि पुढच्या वर्षी संघाला रीतसर परवानगी मिळाली. मग संघाला चौकीमागची पत्र्याची खोली मिळाली आणि मला तिथे एका खिळ्यावर जागा. माझ्या चापात सभेची हजेरी असे. दोन महिला फौजदार पहिल्यांदा सभेला आल्या तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आले की खोलीला त्यांच्यासाठी संडासच नाही. संघाचे पहिले बांधकाम तेच. उद्घाटनाची फीत मात्र कुणी कापायची यावर तासभर चर्चा झाली आणि शेवटी ती वाऱ्यानेच सुटली.

नंतर संगणक आले. हजेरी छापून येऊ लागली. मला कुणीतरी खिळ्यावरून काढून माठाखाली ठेवले. मित्रांनो, कितीतरी वर्षे मी माठाखाली होतो. माझ्या पाठीवर त्याचे गोल वर्तुळ उमटले आहे. वाईट पाण्याचे वाटले नाही. वाईट याचे वाटले की माठ नुसता जड असतो, तो काही लिहीत नाही. बाबांच्या हाताचा तो दाब मला आठवत राही, आणि तहानलेली माणसे येऊन पाणी पिऊन जात.

निवृत्त झाल्यावर बाबा खोलीत आले, माठ उचलला आणि मला ओळखले. "अरे," एवढेच म्हणाले. नर्मदाताई गेल्यावर सुजाताताईने त्यांना दुबईला आणले, तेव्हा दोन शर्टांच्या मध्ये घडी घातल्यासारखा मीही आलो. इथल्या कोरड्या हवेने माझा एक कोपरा सुटला, थर वेगळे झाले. बाबांनी फेव्हिकॉल लावून मला दोन दिवस वॉशिंग मशीनखाली दाबून ठेवले. ते यंत्र माझ्यावर थयथय नाचले, पण कोपरा बसला.

संघाला चाळीस वर्षे होणार म्हणून बाबांनी इतिहास लिहायला घेतला. तो त्यांनी पंचनाम्यासारखाच लिहिला. प्रत्येक घटनेला दोन पंच, दोघेही जिवंत, दोघांनी डोळ्यांनी पाहिलेले. सव्वीस पाने झाली. बहुतेकांवर दुसरी सही इद्रीसचाचांची. इद्रीसचाचा मूळचे रत्नागिरीचे, बाबांच्याच कोतवालीत फौजदार होते आणि आता शारजात मुलाकडे राहतात. दर शनिवारी ते येत, चहा पीत आणि सही करत. पण पहिल्या पानाला त्यांनी हात लावला नाही.

"मी तिथं हजर झालो शहाऐंशीत, बदली होऊन, पुढच्या वर्षी," ते म्हणत. "जो केक मी खाल्ला नाही त्याचा पंच मी कसा होऊ, वाघचौरे?"

"मग कोण उरलंय? तेरा गेले. नर्मदा गेली."

"आणि लिहिणारा पण तू, पंच पण तू? हे बरं आहे!"

"म्हणून तर दुसरा पंच खणखणीत पाहिजे," बाबा म्हणत आणि स्वयंपाकघराकडे बघत. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होई. दुसरे काही होत नसे.

असा तो बुधवार आला होता.

बाबा गेल्यावर मला बाल्कनीतून आणून पुस्तकांच्या कपाटावर ठेवले. चापात पहिले पान. ताई रोज कामावर जाताना माझ्यासमोरून जाई. दोनदा तिने हात पुढे केला आणि नुसती धूळ पुसली, तीही माझ्या कडेची. कागदाची नाही. खुबूस मात्र ती अजून दुसऱ्याच दुकानातून आणत होती, दोन जादा. सकाळी ती जादाची केया डब्यात नेई.

ईद झाली. पुढच्या शनिवारी इद्रीसचाचा शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले. बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे न बघता बसले.

"बेटा, गावाकडून संघाचा फोन होता. अकरा ऑगस्टला सभा आहे. त्याआधी छापायचंय. विचारतायत, पहिलं पान सोडून द्यायचं का."

"सोडून?"

"शहाऐंशीपासून सुरू करू म्हणतात. परवानगी मिळाली तिथून. त्याचा कागद आहे."

"मग बाबा कुठून येतात त्यात?"

"पान दोनवर एकदम उगवतो तुझा बाप. चिटणीस म्हणून. कुठून आला, कशाला आला, काही नाही."

"पण या पानावर त्यांची सही आहे ना?"

"एका पंचावर उभं राहतं का? तूच सांग. तुझ्या पाइपवर एक सही चालते?"

केयाने मला कपाटावरून उचलून टेबलावर आणले. "मम्मा, धिस इज अ नाइफ मार्क, राइट?" तिने कागदाची कड उचलून माझ्या चिरेवर बोट फिरवले. "आजोबा नेव्हर टोल्ड मी. हू डिड इट?"

"असेल कुणीतरी," ताई म्हणाली.

इद्रीसचाचांनी चष्मा लावला. "मी हे कधी वाचलं नाही. सही करायची नव्हती म्हणून. वाचू?"

ताईने मान हलवली. हो की नाही, ते कळले नाही. चाचांनी 'हो' समजून वाचायला सुरुवात केली.

"दिनांक अकरा ऑगस्ट एकोणीसशे पंच्याऐंशी, रविवार, सायंकाळी पाच. पोलीस लाइन, खोली क्रमांक बावीस. खाली नावे दिलेले चौदा अधिकारी समक्ष हजर असताना संघ स्थापण्याचे ठरले. बाहेरून विचारणा झाल्यास मुलीचा वाढदिवस आहे असे सांगण्याचे ठरले." चाचा थांबले. मग हळू आवाजात पुढे गेले. "सदर दिवशी माझी मुलगी सुजाता, वय सहा वर्षे दहा महिने, हिचा वाढदिवस नव्हता. तो नऊ ऑक्टोबर रोजी असतो. नऊ ऑक्टोबर रोजी मी बंदोबस्तावर होतो व घरी काही झाले नाही. ही बाब नोंदवायची राहून गेली होती."

केया आता आईकडे बघत होती.

"चौदा जणांपैकी कुणाचीही चौकशी झाली नाही," चाचा वाचत होते. "चौकशी झाली ती एकट्या तिची. ती फुटली नाही. तरी स्थापनेच्या यादीत पंधरावे नाव तिचे लिहावे, ही विनंती."

मित्रांनो, हे शब्द मला जानेवारीपासून ठाऊक होते. ते लिहिताना बाबांचा हात माझ्यावरच टेकला होता. आता कार्बन नव्हता, तरी ते तितकेच दाबून लिहीत. 'नव्हता' या शब्दाशी पेन थोडे अडखळले होते, तेही मला ठाऊक होते. पण पॅडला सही करता येत नाही आणि बोलता येते ते फक्त तुमच्याशी. मला पुसून ठेवा, कोरड्यात ठेवा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माठाखालीही मी नीट जगलो. मागणे एवढेच आहे की घरातले म्हातारे माणूस कागद पुढे करून "दोन मिनिटं आहेत का" म्हणाले, तर सही नका करू हवी तर, पण तो कागद वाचा.

शीरखुर्म्याच्या डब्याचे झाकण बंदच होते.

"गुलाबी," ताई अचानक म्हणाली.

"व्हॉट?" केयाने विचारले.

"पेन दे मला. ते नको, बॉलपेन दे. दाबून लिहायचंय."

तिने मला मांडीवर घेतले. बाबा घेत तसेच, चाप डावीकडे थोडा तिरपा करून. 'पंच क्रमांक दोन' याच्या पुढच्या रेघेवर तिने सही केली, आणि किती महिन्यांनी, मित्रांनो, एक अक्षर माझ्या पाठीपर्यंत पोचले. मग तिने वर पाहिले. चाचांकडे नाही, केयाकडेही नाही. बाल्कनीतल्या खुर्चीकडे.

"मी सुजाता उपेंद्र वाघचौरे, वय शेहेचाळीस, समक्ष विचारल्यावरून सांगते," ती म्हणाली. आवाज आधी कारखान्यातला होता. मग तो राहिला नाही. "केक गुलाबी होता, बाबा. अकरा कंपास आले होते. चौदा जण होते, आणि मी. तुम्ही सॅल्यूट केलात तेव्हा तुमच्या टोपीवर चुना लागला होता. मला सगळं आठवतं. मला पहिल्यापासून सगळं आठवतं."